मतपत्रिकेवरची ती कोरी ओळ : जॉर्जियातल्या मराठी मतदारांना खुले पत्र

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहणाऱ्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

2020 साली मतदान केंद्रात पडद्यावर एकेक नाव निवडून झालं आणि मशीनमधून छापील कागद बाहेर आला. स्कॅनरकडे नेता नेता मी तो वाचला. वर मोठ्या पदांपुढे मी निवडलेली नावं होती. खाली मात्र काही पदांपुढे दोनच शब्द छापलेले होते, ‘ब्लँक कॉन्टेस्ट’. त्यातलं एक पद आमच्या काउंटीच्या चीफ मॅजिस्ट्रेट जजचं होतं. त्यासाठी कोण उभं आहे, हे मला माहीत नव्हतं आणि त्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती नेमकं काय करते, हेही माहीत नव्हतं. कागद स्कॅनरमध्ये सरकवला, पीचचं चित्र असलेलं स्टिकर लावलं आणि घरी आले.

पुढच्या दोन वर्षांत मला त्याच कोर्टात दोनदा जावं लागलं.

पहिल्यांदा गेले ते स्वतःच्या कामासाठी. घरामागचा डेक बांधून देतो म्हणून एका कंत्राटदाराने साडेआठ हजार डॉलर आगाऊ घेतले, चार खांब पुरले आणि फोन उचलणं बंद केलं. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, माझी फी धरली तर तुमच्या हातात फारसं काही उरणार नाही, तुम्ही स्वतःच मॅजिस्ट्रेट कोर्टात दावा लावा. जॉर्जियात 15,000 डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे या कोर्टात चालतात. ज्युरी नसते आणि वकील लागत नाही. मी अर्ज भरला, शुल्क भरलं आणि त्या माणसाला रीतसर नोटीस बजावली गेली. उत्तर द्यायला त्याला 30 दिवस होते. तारखेच्या दिवशी मी करार, चेकची प्रत आणि अर्धवट कामाचे फोटो एका फाइलमध्ये लावून नेले होते. न्यायाधीश बाईंनी फोटो एकेक करून पाहिले, त्याला तीन प्रश्न विचारले, मला दोन विचारले आणि निकाल दिला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. निकाल मिळणं आणि पैसे हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नंतर कळलं. वसुलीला आणखी बरेच महिने गेले. तरीही त्या वीस मिनिटांत माझ्या अडखळत्या बोलण्याकडे एका न्यायाधीशाने पूर्ण लक्ष दिलं, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्यांदा गेले ती एका फोनमुळे. ओळखीच्या एका मराठी घरात रात्री भांडण झालं, 911 ला फोन गेला, पोलीस आले आणि नवऱ्याला घेऊन गेले. सकाळी त्याच्या बायकोने मला बोलावलं. वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर माणसाला 48 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, वॉरंटवर झाली असेल तर 72 तासांच्या आत. ते न्यायाधीश म्हणजे बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेट. नवरा तुरुंगातून पडद्यावर दिसत होता आणि बायको माझ्या शेजारी बाकावर बसली होती. न्यायाधीशांनी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. मग तिच्याकडे वळून तिला काय म्हणायचं आहे ते शांतपणे ऐकून घेतलं. जामीन मंजूर झाला, पण तिच्याशी संपर्क ठेवायचा नाही आणि घरी जायचं नाही, या अटींवर. त्या दिवशी आमच्यातले काहीजण फक्त त्याच्या नोकरीची आणि व्हिसाची काळजी करत होते. तिच्या गळ्यावरचे वळ मी जवळून पाहिले होते. तो माणूस घरी परतेल की नाही, तिला रात्री झोप लागेल की नाही, मुलं कोणापाशी राहतील, हे सगळं त्या सात-आठ मिनिटांत ठरलं. आणि ज्या व्यक्तीने ते ठरवलं, तिच्या नावापुढची जागा मी कोरी सोडली होती.

म्हणून हे पत्र लिहिते आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात पिढ्यानपिढ्या चाललेले बांधाचे दावे ज्यांनी पाहिले, त्यांनी ते अनुभवाने म्हटलं होतं. मनात कुठेतरी असंही पक्कं बसलेलं असतं की न्यायाधीश ही वरून नेमून आलेली व्यक्ती, तिच्याशी आपला संबंध नाही. महाराष्ट्रात ते खरंही आहे. तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात, त्यांची बदली होते, बढती होते आणि मतदाराला त्यात काही विचारलं जात नाही. जॉर्जियात तसं नाही. इथल्या 159 काउंट्यांत प्रत्येक ठिकाणी मॅजिस्ट्रेट कोर्ट आहे आणि त्याच्या प्रमुखाला, म्हणजे चीफ मॅजिस्ट्रेटला, बहुतेक सर्व ठिकाणी लोक मत देऊन चार वर्षांसाठी निवडतात. हाताखालच्या इतर मॅजिस्ट्रेटांच्या नेमणुका सहसा तोच किंवा तीच करते, सुपीरियर, म्हणजे वरच्या, कोर्टाच्या न्यायाधीशांच्या संमतीने. म्हणजे एका मताने आपण एकच माणूस नाही, अख्खं कोर्ट निवडत असतो.

हे कोर्ट लहान म्हणावं तर त्याच्या हातातली कामं पाहा. पोलिसांना कोणाच्या घराची झडती घ्यायची असेल, कोणाला अटक करायची असेल, तर पुरेसं कारण आहे की नाही हे मॅजिस्ट्रेट तपासतो. हल्ली हे व्हिडिओवरूनही होतं, कधी मध्यरात्रीनंतर. शेजाऱ्याने तुमच्यावर फौजदारी वॉरंट काढण्यासाठी स्वतः अर्ज केला, तर त्याची सुनावणीही इथेच. घरमालक भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी अर्ज करतो तोही बहुधा इथेच, आणि या बाबतीत आपले लोक दोन्ही बाजूंना आहेत. नव्याने आलेलं जोडपं अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतं आणि पंधरा वर्षांपूर्वी आलेल्यांनी गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेऊन ते भाड्याने दिलेलं असतं. नोटीस मिळाल्यापासून भाडेकरूला उत्तर द्यायला सातच दिवस असतात. दिवाळीसाठी भारतात गेलेल्या कुटुंबाच्या दारावर ती नोटीस चिकटली, तर परत येईपर्यंत निकाल लागलेला असू शकतो. अशा वेळी समोरचा न्यायाधीश ऐकून घेणारा आहे की कागद पुढे ढकलणारा, यावर फार काही अवलंबून असतं. (भारतातल्या समारंभाआधी इथे कायदेशीर लग्न उरकून घेणारी आपली कितीतरी मुलंमुलीही मॅजिस्ट्रेटपुढेच उभी राहिली आहेत. ते काम मात्र आनंदाचं.)

या कोर्टाचा जन्म कसा झाला, ते मी मुद्दाम शोधून वाचलं. तुम्हीही वाचावं असं मला वाटतं. जॉर्जियाच्या 1983 च्या राज्यघटनेने मॅजिस्ट्रेट कोर्टं आणली. त्याआधी इथे ‘जस्टिस ऑफ द पीस’ नावाचे स्थानिक न्यायाधीश असत आणि त्यांना पगार नसे. झडतीचं वॉरंट दिलं की पाच डॉलर मिळत आणि नाकारलं की काहीच मिळत नसे. एका खटल्यात अशाच एका जस्टिसने साक्षीत कबूल केलं की आपली कमाई आपण किती वॉरंटं काढतो यावर अवलंबून आहे आणि गेल्या काही वर्षांत आपण दहा हजारांच्या आसपास वॉरंटं काढली आहेत. तो खटला, कॉनली विरुद्ध जॉर्जिया, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1977 साली न्यायालयाने सांगितलं की ज्याला ‘हो’ म्हटल्यावर पैसे मिळतात आणि ‘नाही’ म्हटल्यावर मिळत नाहीत, तो तटस्थ न्यायाधीश नव्हे. पाच डॉलर ही रक्कम किती लहान! पण तेवढ्यावर लोकांच्या घराचा उंबरठा विकला जात होता. आजच्या मॅजिस्ट्रेटचं पोट अशा फीवर चालत नाही. मात्र त्याला दर चार वर्षांनी निवडून यावं लागतं, आणि निवडणूक हेही एक प्रकारचं देणंघेणं होऊ शकतं. त्याला निवडणारे मोजकेच असतील आणि तेही ठरावीक वर्तुळातलेच असतील, तर त्याची नजर आपोआप त्या वर्तुळाकडे जाईल. त्या वर्तुळात आपण नाही, कारण आपण त्याच्यापुढची जागा कोरी सोडतो.

आता उमेदवाराच्या पात्रतेविषयी. राज्याच्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेट व्हायला वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत, त्या काउंटीत एक वर्षाचं वास्तव्य हवं आणि हायस्कूलचं प्रमाणपत्र किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण हवं. वकील असण्याची सरसकट अट नाही. काही मोठ्या काउंट्यांनी स्थानिक कायद्याने ती घातलेली आहे, पण छोट्या काउंट्यांत वकील नसलेले मॅजिस्ट्रेट आहेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला धक्का बसला. नंतर विचार केला तर मत थोडं बदललं. नव्या मॅजिस्ट्रेटांना प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि पुढेही दरवर्षी शिकत राहावं लागतं. आयुष्यभर गावातली भांडणं जवळून पाहिलेली समंजस व्यक्ती एखाद्या उतावळ्या वकिलापेक्षा चांगला न्याय देऊ शकते, हे आपल्याला सांगायला नको. गावोगावच्या पंचांत अशी माणसं होतीच. पण अट इतकी कमी असते तेव्हा पारख करायचं काम मतदारावर येतं. परीक्षा मंडळ नसेल, तर परीक्षक आपण.

त्या उमेदवाराची आजवरची वाटचाल हाच आपल्या हातातला खरा कागद आहे. बहुतेक जण काही ठरावीक वाटांनी इथवर येतात. कोणी सरकारी वकील म्हणून दहा वर्षं खटले चालवलेले असतात, कोणी पब्लिक डिफेंडर म्हणून गरिबांची बाजू मांडलेली असते, कोणाची चौकात छोटी वकिली असते, तर कोणी आधी त्याच कोर्टात अर्धवेळ मॅजिस्ट्रेट म्हणून रात्रीपाळ्या केलेल्या असतात. काहीजण मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर नेमले जातात आणि पुढच्या निवडणुकीत ‘इन्कम्बंट’, म्हणजे सध्या पदावर असलेला, हा शब्द नावापुढे लावून उभे राहतात. जॉर्जियाच्या मतपत्रिकेवर तो शब्द छापलेला असतो. काहीच माहिती नसलेला मतदार तो पाहून बटण दाबतो, हे मी आमच्याच गल्लीत ऐकलं आहे.

यातली कोणतीही वाट वाईट नाही. तरी प्रत्येक वाटेने आलेल्या माणसाला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. आयुष्यभर सरकारी बाजूने उभ्या राहिलेल्याला विचारा, पोलिसांचं वॉरंट तुम्ही कोणत्या कारणाने परत पाठवाल? बचाव पक्षाकडून आलेल्याला विचारा, घाबरलेल्या पत्नीच्या सुरक्षिततेचा विचार तुम्ही जामीन देताना कसा करता? अर्धवेळ काम केलेल्याला विचारा, इंग्रजी नीट न येणारी व्यक्ती समोर उभी राहते तेव्हा दुभाष्याची व्यवस्था होईपर्यंत तुम्ही काय करता? हा शेवटचा प्रश्न आपल्या घरांतल्या आजी-आजोबांसाठी आहे. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या सासूबाईंना साक्षीदार म्हणून बोलावलं गेलं तर त्यांचं म्हणणं कोर्टापर्यंत पोचेल का?

एक गोष्ट आधीच सांगते. न्यायाधीशपदाचा उमेदवार अमुक खटल्यात अमुक निकाल देईन असं वचन देऊ शकत नाही. न्यायिक आचारसंहिता त्याला तसं करू देत नाही आणि तेच बरोबर आहे. म्हणून ‘तुम्ही आमच्या समाजासाठी काय करणार’ हा आपला आवडता प्रश्न इथे चालणार नाही. आपल्या समाजासाठी काही खास करणारा न्यायाधीश उद्या दुसऱ्या समाजासाठीही खास करील. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचा आदर आपण अडीचशे वर्षं करत आलो, तो ते कोणाचे होते म्हणून नाही. पेशव्यांनी रामशास्त्र्यांना नेमलं होतं. इथे नेमणारे आपण आहोत, आणि मतदानाच्या दिवशी आपण उमेदवारांबद्दल काही वाचलेलंही नसतं.

मतदानाची पद्धत थोडक्यात सांगते, कारण नेमका इथेच घोळ होतो. चीफ मॅजिस्ट्रेटची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्याच वर्षी येते, म्हणजे 2020, 2024 आणि पुढे 2028. पण काही काउंट्यांत ती पक्षाच्या नावावर होते आणि काही ठिकाणी पक्षविरहित. पक्षविरहित निवडणूक नोव्हेंबरात नसते, ती प्राथमिक फेरीच्या, म्हणजे पक्ष आपापले उमेदवार ठरवतात त्या मतदानाच्या, दिवशीच उरकते. 2024 साली तो दिवस 21 मे होता. शाळा संपत आलेल्या असतात, भारतात जायची तिकिटं काढलेली असतात, मंडळी बॅगा भरत असतात. नोव्हेंबरात उत्साहाने रांगेत उभे राहणारे आपण मे महिन्यात दिसत नाही. ज्यांना कोणत्याही पक्षाच्या प्राथमिक फेरीत पडायचं नाही त्यांना फक्त पक्षविरहित मतपत्रिका मागता येते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. कोणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर चार आठवड्यांनी पुन्हा मतदान होतं आणि त्याला तर आणखी कमी लोक येतात. जिथे पक्षाच्या नावावर निवडणूक होते, तिथेही अनेकदा एकाच पक्षाचा उमेदवार उभा असतो, म्हणजे खरा निर्णय मे महिन्यातच लागलेला असतो.

आणि आधी तुम्ही कोणत्या काउंटीत राहता ते पाहा. हसू नका, हा खरा प्रश्न आहे. पत्त्यात अल्फारेटा लिहिलेलं असतं आणि घर फोर्सिथ काउंटीत असतं. सुवानीचा पत्ता असलेली काही घरं ग्विनेटमध्ये आहेत, काही फोर्सिथमध्ये. जॉन्स क्रीक फुल्टनमध्ये येतं. कोर्ट कमिंगला आहे, लॉरेन्सव्हिलला आहे की अटलांटाला, हे त्यावर ठरतं. राज्याच्या ‘माय व्होटर पेज’वर तुमची नमुना मतपत्रिका मतदानाआधी पाहायला मिळते. ती छापून जेवणाच्या टेबलावर ठेवा.

फोर्सिथचं नाव आलं म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. 1912 साली या काउंटीतल्या हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना धमक्या देऊन, त्यांची घरं-चर्चं जाळून हाकलून दिलं गेलं. त्यांच्या जमिनी मागे राहिल्या. तिथे शेरीफ होता, कोर्ट होतं, कायदाही लिहिलेला होता. पुढे सात दशकं ही काउंटी जवळपास पूर्ण गोऱ्यांची राहिली. जानेवारी 1987 मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स आणि इतरांच्या नेतृत्वाखाली कमिंगमध्ये वीस हजारांच्या आसपास लोकांनी मोर्चा काढला. आज तिथली लोकसंख्या अडीच लाखांवर आहे आणि पाच-सहा माणसांमागे एक जण आशियाई वंशाचा आहे. त्यातली कितीतरी घरं मराठी आहेत. आपल्याला तिथे सुखाने घर घेता आलं, मुलांना चांगल्या शाळेत घालता आलं, ते त्या मोर्चात थंडीत चाललेल्या लोकांमुळेही आलं. कायदा पुस्तकात असून भागत नाही, कोर्टात तो हातात घेणारं माणूस कोण आहे यावर सगळं ठरतं, हे त्या जमिनीने पाहिलेलं आहे. त्या जमिनीवर राहून न्यायाधीशाच्या नावापुढची ओळ कोरी सोडणं मला आता जमत नाही.

आपल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक वेगळी विनंती आहे. गणेशोत्सवात आणि पाडव्याला उमेदवार येतात, आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि ते दोन मिनिटं बोलून जातात. त्याऐवजी एप्रिलमध्ये एक साधी सायंकाळ ठेवा. व्यासपीठ नको, हार नकोत. चहा आणि खुर्च्या पुरेत. उभे असलेल्या सर्व उमेदवारांना सारखं बोलवा, सारखा वेळ द्या आणि त्यांच्या कामाबद्दल विचारा. मंडळाने कोणाचीही बाजू घेऊ नये. माहिती मिळावी एवढीच अपेक्षा आहे.

ज्यांना अजून मताचा हक्क नाही, जे एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांनी हे पत्र इथेच बाजूला ठेवू नये. कोर्टाचं दार सर्वांसाठी उघडं असतं. कोणीही मागच्या बाकावर जाऊन बसू शकतं. न्यायाधीश वकील नसलेल्या माणसाशी कसं बोलतात, कोणाचं बोलणं तोडतात आणि कोणाचं नाही, सकाळी दहाला दिसलेला संयम बारा वाजता टिकतो का, हे कोणत्याही प्रचारपत्रकात छापलेलं नसतं. पाहिलेलं आम्हाला सांगा, आम्ही मत देताना ते लक्षात ठेवू. आणि एखाद्या न्यायाधीशाचं वागणं खरोखर पदाला न शोभणारं वाटलं, तर त्यासाठी राज्यात ज्युडिशियल क्वालिफिकेशन्स कमिशन आहे. तिथे तक्रार करता येते, आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना पदावरून दूर केल्याची उदाहरणंही आहेत.

इथे वाढलेल्या आपल्या मुलामुलींपैकी काहीजण आता वकील झाले आहेत. मोठ्या फर्ममध्ये आहेत, चांगलं कमावतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात कधी काउंटीच्या कोर्टात अर्धवेळ मॅजिस्ट्रेट म्हणून काम करायचं आलं, तर आईवडिलांनो, ‘एवढं शिकून हे काय’ असं म्हणू नका. उमेदवारी अर्ज भरायलाच त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या तीन टक्के शुल्क द्यावं लागतं, दारोदार फिरावं लागतं, हरण्याची तयारी ठेवावी लागते. त्या वेळी त्यांच्यामागे घर उभं असलं पाहिजे.

2024 साली मी मतदानाला गेले तेव्हा नमुना मतपत्रिका घडी करून पर्समध्ये नेली होती. तळापासून वर मत दिलं. आमच्या चीफ मॅजिस्ट्रेटपुढे एकच नाव होतं, विरोधात कोणी उभंच राहिलं नव्हतं. तरीही ते नाव मी निवडलं, कारण आता त्या व्यक्तीला मी कोर्टात काम करताना पाहिलं होतं. मशीनमधून आलेला कागद पुन्हा वाचला. एकही जागा कोरी नव्हती.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी पुन्हा कोर्टात जाऊन बसणार आहे, भाडेकरूंच्या सुनावण्या ऐकायला. माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळातल्या कोणाकडेही निरोप ठेवा. पावणेआठला निघू, म्हणजे सुरक्षा तपासणीची रांग लागायच्या आत पोचू.

आपली,
उत्तर अटलांटातली एक मराठी मतदार